हॉलला बेज की हळदी? घरात एकमत होत नाहीये

माडाची_सावली:
नमस्कार मंडळी. इतके दिवस फक्त वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण खरंच अडकलोय. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर आमचा २ बीएचके आहे, दहा वर्षांनी रंग काढायचाय, दिवाळीच्या आत उरकायचंय आणि पेंटर रोज फोन करून शेड नंबर मागतोय. नवऱ्याचं म्हणणं, सगळं घर एकाच ऑफ-व्हाइटमध्ये करू किंवा ते ग्रेज म्हणतात ना, बेज आणि ग्रेच्या मधलं, ते लावू. शांत दिसतं, फर्निचर कुठलंही खपतं, उद्या विकायची वेळ आली तरी कोणी नाक मुरडत नाही.

मला ते नकोय. मी गुहागरकडच्या घरात वाढले. ओटीच्या भिंतीला नीळ घातलेला चुना, खाली गुडघाभर काव, म्हणजे तो तांबड्या मातीचा रंग, दारं हिरवीगार. पावसाळा संपला की बाबा चुन्याच्या कळ्या पिंपात विझवायला टाकायचे, त्याचा तो खदखदणारा आवाज आणि वाफ, आम्हाला लांब उभं करायचे, आणि मग दोन दिवसांनी कुंचा घेऊन सगळं घर नवं व्हायचं. ते सगळं डोंबिवलीत आणता येणार नाही हे कळतं मला, पण हॉलची निदान एक भिंत हळदीसारखी पिवळी हवीय.

अडचण अशी की हॉलला एकच खिडकी, समोर बारा-पंधरा फुटांवर दुसरी बिल्डिंग, भर दुपारी ट्यूब लावावी लागते. फरशी क्रीम व्हिट्रिफाइड. आणि दिवाळीनंतर बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येतायत, वय ७८. त्यांना घर परकं वाटू नये एवढीच इच्छा आहे. काय करू सांगा.

गव्हाळ_भिंत:
मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने, आणि कारण सांगते म्हणजे उगाच विरोध वाटायला नको. आमचं घर साडेचारशे स्क्वेअर फूट, चौघं माणसं. अशा घरात काहीच लपत नाही हो, पुस्तकं दिसतात, मुलांची दप्तरं दिसतात, दोरीवरचे कपडे दिसतात, डबे दिसतात, आणि या सगळ्याला आपापला रंग असतोच. त्यात भिंतही बोलायला लागली की डोळ्यांना टेकायला जागाच उरत नाही. आम्ही २०१९ मध्ये एक भिंत केशरी केली होती, शेड कार्डावर इतकी गोड दिसत होती. आठ महिन्यांत मी ती परत गव्हाळ करून घेतली. लोकलमधून दीड तास उभं राहून आल्यावर मला ती भिंत नको व्हायची, खरंच सांगते. फिक्या रंगाला लोक बेचव म्हणतात ते मला पटत नाही, आमच्या घरात तो आरामाचा रंग आहे.

रानजाई:
पण विकायचंय म्हणून आत्तापासून दुसऱ्याच्या आवडीचं घर करून राहायचं हे मला अजिबात झेपत नाही. वीस वर्षं हप्ते आपण भरायचे आणि भिंती कुठल्या तरी न आलेल्या गिऱ्हाइकासाठी ठेवायच्या? विकताना दोन दिवसांत पांढरा मारून होतो की. सॅम्पल फ्लॅट पांढरा-बेज असतो कारण बिल्डरला तिथे कोण राहणार माहीत नसतं, आपल्याला तर माहीत आहे ना कोण राहणार. माडाची_सावली, तू पिवळा कर.

टिंटवाला:
ताई, मी नाशिकला रंगाची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. आवडीचं तुम्ही घरात ठरवा, मी फक्त भिंतीचं सांगतो, कारण नंतर भांडण पेंटरशी होतं आणि चूक आधीच होऊन गेलेली असते.

पहिलं, चटक पिवळा आणि लाल हे रंग खालचा रंग नीट झाकत नाहीत. फिक्या शेडमध्ये झाकण्याचं काम पांढरं पिगमेंट करतं, टायटॅनियम डायऑक्साइड. गडद आणि चटक शेडसाठी मशीनवर जो बेस, म्हणजे ज्यात रंग मिसळतात तो मूळ डबा, घेतात त्यात ते फार कमी असतं, नाहीतर रंग दुधाळ होईल. म्हणून ऑफ-व्हाइट दोन हातांत बसतो आणि हळदी पिवळ्याला तीन, कधी चार हात लागतात. दोन हातांचा दर ठरवून पिवळा सांगितला की पेंटर तिसरा हात पातळ करून मारणार आणि ट्यूब लावल्यावर भिंतीवर रोलरचे पट्टे दिसणार. त्यापेक्षा आधीच तीन हात बोलून घ्या, आणि पिवळ्याच्या खाली निखळ पांढऱ्या प्रायमरऐवजी हलका पिवळसर अंडरकोट द्यायला सांगा.

दुसरं, कार्डावरचा दोन इंची तुकडा बघून ठरवू नका. भिंतीवर तोच रंग जास्त भडक होतो कारण भिंती एकमेकींवर रंग फेकतात, चारही भिंती पिवळ्या केल्या तर माणसाचा चेहरासुद्धा पिवळा दिसतो. सॅम्पलची छोटी डबी आणा, दोन बाय दोन फुटांच्या कार्डबोर्डवर दोन हात मारा, आणि तो बोर्ड सकाळी, दुपारी, रात्री ट्यूबखाली असा वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. थेट भिंतीवर पॅच मारू नका, बाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

तिसरं, कार्डामागे किंवा कंपनीच्या साइटवर शेडचा एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे भिंत किती उजेड परत टाकते त्याचा आकडा, शून्य ते शंभर. चांगला पांढरा ऐंशीच्या वर असतो, गडद वीटकरी वीस-पंचवीसवर येतो. तुमच्या हॉलमध्ये आधीच उजेड नाही, तर साठच्या खालचा रंग सगळीकडे लावू नका. एका भिंतीला चालेल.

चौथं आणि महत्त्वाचं. बिल्डिंग किती जुनी आहे? जुना ऑइल पेंट असेल, दारं-खिडक्या-ग्रिलला असतोच, तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ लहान मुलांना फार वाईट. ओला करून घासायचा, खाली प्लास्टिक टाकायचं, खोली बंद ठेवायची.

माडाची_सावली:
टिंटवाला दादा, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. बिल्डिंग २००८ ची आहे, ग्रिलला ऑइल पेंट आहेच. पेंटरला आजच सांगते. तीन हातांचं ऐकून नवरा म्हणाला बघ खर्च वाढला, पण एका भिंतीचाच वाढतोय.

मॅग्नोलिया_नको:
मी मँचेस्टरहून. इथे भाड्याच्या घरांना वर्षानुवर्षं एकच रंग लावत आलेत, मॅग्नोलिया नावाचा, क्रीमला किंचित गुलाबी-पिवळी झाक. आमच्या घरमालकाने रंग बदलायला परवानगी दिली नाही, त्यामुळे सहा वर्षं मी त्या भिंतींमध्ये राहतेय आणि डिसेंबरच्या आसपास चार वाजता अंधार पडतो तेव्हा त्या भिंती अक्षरशः मळक्या दिसतात. मला यातून एक कळलं ते सांगते, उजेड नसेल तर पांढरा रंग उजेड तयार करत नाही. असलेला उजेड तो परत टाकतो, नसलेला कुठून आणणार? अंधाऱ्या खोलीत पांढरा राखाडी दिसतो, आणि तिथेच एखादा उबदार मध्यम रंग जिवंत दिसतो. इथले खूप जण आता छोट्या अंधाऱ्या खोल्या मुद्दाम गडद करतात.

मी भिंतींना हात लावू शकत नाही म्हणून आजीची गोधडी सोफ्यामागे टांगली, इरकलच्या जुन्या साडीचे पडदे शिवले, खणाच्या उशा. बाहेर बर्फ-पाऊस असला की त्या डाळिंबी काठाकडे बघून मला काय वाटतं ते सांगता येत नाही.

गव्हाळ_भिंत:
मॅग्नोलिया, हे तर माझंच म्हणणं झालं ना. भिंत शांत, रंग कापडात. गोधडी काढून धुता येते, बदलता येते.

मॅग्नोलिया_नको:
नाही गं, परवानगी मिळाली तर मी उद्या ती भिंत मोरपंखी करेन. नाइलाज आणि आवड यात फरक आहे.

रानजाई:
एक्झॅक्टली.

दिवेलागण:
कोणी दिव्यांबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो, मी इलेक्ट्रिकचं काम करतो. ट्यूब कुठली आहे ते आधी बघा. आपल्याकडे घरोघरी ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळसर) पांढरी-निळसर लावतात, कारण ती जास्त लख्ख वाटते. त्या प्रकाशात बेज मातकट होतो, पिवळा हिरवट मारतो आणि ग्रेज तर सरळ सिमेंटसारखा दिसतो. ३००० केल्विन लावली तर तेच रंग ऊबदार होतात पण निळे-राखाडी मरतात. मधली ४००० ची मिळते, हॉलला मला ती बरी वाटते. आणि खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, नेहमीच्या दिव्यांना ८० असतो, ९० चा मिळाला तर घ्या, थोडा महाग पडेल पण रंग खरे दिसतील. आमच्या ओळखीच्यांनी एवढा महागडा रंग काढला आणि नंतर ट्यूब बदलल्यावर म्हणाले हा आम्ही निवडलेला नाहीच. दिवा आधी ठरवा, शेड नंतर.

माडाची_सावली:
दिवेलागण, बरोबर, आमच्याकडे ६५०० चीच आहे, आत्ता उठून बघितलं.

आता एक वेगळंच झालंय ते सांगते. बाबा परवा तपासणीसाठी येऊन गेले. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, डाव्याचं बाकी आहे. मी सॅम्पलचे बोर्ड हॉलमध्ये टेकवून ठेवले होते, हळदी, अबोली, एक फिकट निळा, एक ग्रेज. बाबांनी निळ्यासमोर उभं राहून एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, असं तीन-चार वेळा केलं. आणि म्हणाले, अगं उजव्याने हा निळा आहे आणि डाव्याने हा मळलेल्या धोतरासारखा आहे, मी किती वर्षं धोतरच बघत होतो कोण जाणे. मला इतकं भरून आलं. आमच्या घराची ती निळीची भिंत ते दर वर्षी जास्त जास्त नीळ घालून रंगवायचे, आई ओरडायची इतकी नीळ कशाला म्हणून, ते म्हणायचे दिसतच नाही. आत्ता कळतंय मला.

आणि दुसरं, बाथरूमच्या दाराशी दीड इंचाचा उंबरा आहे, फरशीही क्रीम आणि उंबराही क्रीम. रात्री त्यांचा पाय अडखळला. पडले नाहीत, मी जागी होते म्हणून धरलं.

चष्मेघर:
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते, म्हणून हे वाचून लगेच लिहायला बसले. तुमच्या बाबांनी जे केलं ते अगदी खरं निरीक्षण आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं, मग तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात, त्यामुळे त्या डोळ्याने निळं एकदम खणखणीत दिसतं. एक डोळा झालेला आणि एक बाकी असेल तर दोन्हीतला फरक घरबसल्या दिसतो, माझे कितीतरी पेशंट असंच एकेक डोळा झाकून दाखवतात.

आता घराबद्दल. वयस्कर डोळ्याला दोन गोष्टी जड जातात. एक, कमी उजेड, कारण बाहुली लहान राहते आणि आत पोचणारा प्रकाश तरुण माणसापेक्षा बराच कमी असतो. दुसरी, जवळजवळच्या फिक्या रंगांतला फरक. क्रीम फरशी, क्रीम भिंत, क्रीम दार, पांढरा स्विच, पांढऱ्या टाइल्सवर पांढरं कमोड, तरुण माणसाला हे सगळं शांत आणि सुंदर दिसतं, पण ७८ वर्षांच्या माणसाला त्यात कडाच सापडत नाहीत. कुठे फरशी संपली, कुठे उंबरा सुरू झाला कळत नाही. म्हणून मी हात जोडून सांगते, सगळं घर एका फिक्या रंगात करू नका. भडक करा असंही म्हणत नाही. जिथे पाय अडतो आणि जिथे हात पोचायला हवा तिथे गडद-फिका फरक ठेवा. उंबऱ्याला गडद पट्टी, दाराची चौकट भिंतीपेक्षा गडद, स्विचबोर्डभोवती रंगाची चौकट, धरायचा दांडा टाइल्सपेक्षा वेगळ्या रंगाचा. आणि निळ्या-हिरव्या-राखाडीच्या फिक्या छटा फरक दाखवायला वापरू नका, त्याच आधी हरवतात. वीटकरी, गडद पिवळा, मरून या छटा सापडतात.

मॅग्नोलिया_नको:
चष्मेघर, इथे ब्रिटनमध्ये बिल्डिंगच्या मानकात हेच आकड्यात दिलंय, शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांत एलआरव्हीचा निदान ३० चा फरक हवा. दवाखान्यात काम करते तिथे दारं बघून मला वाटायचं एवढं जांभळं दार कशाला, नंतर कळलं.

टिंटवाला:
हे मला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. आम्ही चौकट आणि भिंत मॅचिंग करायला धडपडतो. आता म्हातारं माणूस असलेल्या घरी मीच विचारणार.

ताई, आमच्या लहानपणी शाळेत, दवाखान्यात, चाळीत कमरेपर्यंत गडद ऑइल पेंट आणि वर फिका डिस्टेंपर असायचा, मध्ये एक काळी किंवा चॉकलेटी पट्टी. हाताचे डाग पुसता यावे म्हणून करायचे, पण त्या पट्टीने भिंत कुठे आहे हेही कळायचं. तुमच्या गावची गुडघाभर काव म्हणजे तेच. भिंत फिकी, खाली गडद.

माडाची_सावली:
दादा, हे वाचून मी थांबलेच. खरंच की. काव पावसाचे मातीचे शिंतोडे दिसू नयेत म्हणून काढायचे असं आई सांगायची.

रानजाई:
जरा अवांतर, पण आपण बेज, ग्रेज, आयव्हरी, सँड असं का म्हणतो? आपल्याकडे या सगळ्यांना नावं आहेत, मोतिया, बदामी, दुधी, गव्हाळ, राखी, चंदनी. माझी आजी साडीच्या दुकानात नुसतं अंजिरी म्हणायची आणि दुकानदार बरोबर तोच गठ्ठा उघडायचा. आमसुली, गुलबक्षी, कुसुंबी, शेवाळी, चिंतामणी. नाव असलं की रंग डोळ्यासमोर येतो, शेड नंबरने येत नाही.

गव्हाळ_भिंत:
माझा आयडी बघ की. आणि बघ, फिक्यांनाही किती नावं आहेत, म्हणजे आपले लोक फिके रंग बारकाईने बघत होते. चंदनी आणि बदामी यातला फरक ज्याला कळतो त्याला बेज म्हणून एकच डबा पुरत नाही.

चष्मेघर ताईंचं वाचून मात्र मी सासूबाईंच्या खोलीत जाऊन आले. सगळं गव्हाळ. स्विचसुद्धा. उद्या स्विचभोवती मरून टेप लावते, रंग नंतर बघू.

बागेतली_पणजी:
मूळची गोव्याची, सध्या पुण्यात. आमच्या पणजीत फोंटेन्हास या जुन्या वस्तीत फिरलात तर घरं पिवळी, निळी, वीटकरी, आणि खिडक्या-कोपऱ्यांच्या कडा पांढऱ्या. पांढरा चर्चसाठी राखलेला असायचा म्हणून घरांना रंग, असं आमच्याकडे सांगतात. पण लक्षात घ्या, ते बाहेरून. आत माझ्या मामाच्या घरी भिंती साध्या चुन्याच्या, फिक्या, आणि फरशी लाल. रस्त्याकडे रंग आणि आत निवांतपणा. रंग घरात कुठे लावायचा यालाही महत्त्व आहे, फक्त किती लावायचा याला नाही. आणि दर पावसाळ्यानंतर तो परत काढावा लागतो हे पण सांगते, गडद रंगावर ओल आणि खार पांढरा होऊन उठतो, फिक्यावर तितका दिसत नाही. बाथरूमच्या पाठची भिंत असेल तर आधी ओल बघा, मग गडद.

माडाची_सावली:
उशीर झाला लिहायला, घरात तीन आठवडे नुसता पसारा होता. काम झालं. काय केलं ते सांगते, कोणाला उपयोग होईल.

हॉलच्या तीन भिंती मोतिया, एलआरव्ही ७८ चा. खिडकीसमोरची एक भिंत हळदी, तीन हात, खाली पिवळसर अंडरकोट. खिडकीतून जो काही उजेड येतो तो पहिला त्या भिंतीवर पडतो आणि दुपारी समोरची मोतिया भिंत किंचित कोवळी पिवळी होते, ते मी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. ट्यूब ४००० ची केली. आमची बेडरूम नवऱ्याला हवी तशी ग्रेज, आणि मला ती आवडते, प्रामाणिकपणे सांगते, झोपायला छान वाटतं. बाबांची खोली बदामी, आणि खाली दोन फूट काव. डब्यावर तिचं नाव काहीतरी टेराकोटा आहे पण आम्ही काव म्हणतो. बागेतली_पणजी म्हणाली तसं आधी ओल बघितली, बाथरूमच्या मागे होतीच, ती आधी काढून घेतली, पंधरा दिवस भिंत वाळू दिली, मग लांबी (पुट्टी) आणि रंग. चौकटी गडद चॉकलेटी. उंबऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटची पट्टी, तिला वर खरखरीत लाइन मारून घेतली. स्विचबोर्डांभोवती बोटभर काव.

बाबा लक्ष्मीपूजनाच्या आधी आले. पहिल्या रात्री मी मुद्दाम जागी राहिले. अडीचला उठले, हात भिंतीवर ठेवून कावेच्या कडेकडेने दारापर्यंत गेले, उंबऱ्यापाशी थांबले, पाय उचलला, गेले आणि आले. दिवा त्यांनी स्वतः लावला. मी उठलेच नाही. सकाळी म्हणाले, नीळ कुठाय?

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरमध्ये आहे. ते झालं की बाल्कनीची भिंत निळी करणार, शेड तेच निवडणार, दोन्ही डोळ्यांनी बघून.

चष्मेघर:
सगळ्यांसमोर सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस मात्र घासकाम आणि रंगाचं काम घरात नको, धूळ आणि वास दोन्हीपासून जपा. बाल्कनी जानेवारीअखेर करा.

टिंटवाला:
ताई, हळदी आणि काव दोन्हीचे उरलेले डबे फेकू नका. टचअपला तोच लॉट लागतो, नंतर मशीनवर तोच नंबर टाकला तरी उन्नीस-बीस होतं आणि गडद शेडमध्ये ठिगळ दिसतं. छोट्या बाटलीत काठोकाठ भरा म्हणजे आत हवा राहत नाही, झाकण घट्ट, वर तारीख, भिंत आणि शेड नंबर लिहा. उन्हात ठेवू नका.

माडाची_सावली:
काव बरणीत भरून ठेवली दादा, नाव बाबांनी त्यांच्या अक्षरात लिहिलंय. हळदी अर्धा लिटर उरलाय, आज संध्याकाळी भरते.